सोल-फंक बँडचा अल्बम टेपवर करताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इथली माहिती एका ठरावीक पद्धतीची आहे: सगळा बँड एका खोलीत, मोजके माइक आणि आठ ट्रॅकची टेप, म्हणजे आठ आवाज शेजारी-शेजारी वेगवेगळे भरता येतील अशी. साठच्या दशकात मेम्फिस आणि डेट्रॉइटमध्ये साधारण असेच अल्बम व्हायचे. २००१ साली सुरू झालेल्या ब्रुकलिनच्या डॅपटोन कंपनीने गायिका शेरॉन जोन्स आणि त्यांचा बँड डॅप-किंग्ज यांचे सुरुवातीचे अल्बम याच वाटेने केले.

सोल आणि फंक यांत फरक काय?

सोलमध्ये सगळं गायकाभोवती फिरतं, फंकमध्ये ठेक्याभोवती. दोन्हींच्या मुळाशी चर्चमधलं गॉस्पेल गायन आणि ब्लूज आहे. साठच्या दशकाच्या मध्यावर गायक जेम्स ब्राउन यांच्या बँडने जोर पहिल्या ठोक्यावर आणला. त्यालाच ते ‘द वन’ म्हणत. तबल्याची सम कानात असलेल्याला हे लगेच कळतं. फक्त तीनतालात सम सोळा मात्रांनी येते, इथे दर चौथ्या मात्रेनंतर. मधल्या जागेत प्रत्येक वादकाचा एकेक छोटा तुकडा असतो आणि कोणाचाच तुकडा दुसऱ्याच्या अंगावर येत नाही.

टेपच का? कॉम्प्युटरवर होणार नाही?

होईल, आणि चांगलं होईल. टेपमुळे ठोक्यांची टोकं किंचित गोलसर होतात, खर्ज थोडा भरतो. पण खरा फायदा वेगळाच आहे: आठच ट्रॅक असले की ‘नंतर बघू’ म्हणता येत नाही. ट्रंपेट मोठा आहे की सॅक्सोफोन, हे वादक खोलीत असतानाच ठरवावं लागतं. कॉम्प्युटरवर करणार असाल तर आठच ट्रॅक उघडा, ड्रम एकाच ट्रॅकवर घ्या आणि जोडतोड करू नका. नव्वद टक्के आवाज तिथेच मिळेल. उलट चाळीस ट्रॅक रेकॉर्ड करून शेवटी ‘टेपसारखं’ करणारं प्लगइन लावलं, तर हाती काही लागत नाही.

किती गाणी धरायची?

एलपीच्या एका बाजूला १८ ते २० मिनिटं. म्हणजे सव्वातीन मिनिटांची दहा-अकरा गाणी. बाजू २२ मिनिटांच्या पुढे गेली की खाचा जवळजवळ कापाव्या लागतात, त्यामुळे आवाजाची पातळी उतरते आणि खर्ज कमी करावा लागतो. बारावं गाणं फारच आवडतं असेल तर ते सात इंची तबकडीवर काढा.

बँडमध्ये कोण कोण लागतं?

ड्रम, बेस, दोन गिटार, ऑर्गन किंवा पियानो, काँगा (हाताने वाजवायचे उंच ढोल), ट्रंपेट, टेनर सॅक्सोफोन, बॅरिटोन सॅक्सोफोन आणि गायक. वाऱ्यावरची वाद्यं तीनपेक्षा कमी असली की ‘सेक्शन’ ऐकू येत नाही, दोन माणसं ऐकू येतात. बॅरिटोन परवडत नाही म्हणून तो वगळणाऱ्यांनी पुन्हा विचार करावा. तळाचा तो घोगरा ‘ब्रॅप’ नसेल तर ट्रंपेट एकटाच किरकिरतो.

खोली कशी हवी?

साधारण ५ मीटर बाय ७ मीटर असली तरी भागतं. मेम्फिसचा स्टॅक्स स्टुडिओ जुन्या थिएटरमध्ये होता. प्रेक्षकांसाठी केलेला जमिनीचा उतार त्यांनी तसाच ठेवला होता आणि भिंतींवर पडदे सोडले होते. डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीचा स्टुडिओ एका राहत्या घराच्या मागच्या बाजूला होता. डॅपटोनचं तर ब्रुकलिनच्या बुशविक भागातलं दोन कुटुंबांचं घर. बँडच्या लोकांनी स्वतः हात लावून तिथे स्टुडिओ उभा केला, वायरिंगच्या कामात खुद्द शेरॉन जोन्सही होत्या.

सांगायचं एवढंच की खोली महाग असण्याची गरज नाही, पण ती कोरडी हवी. टाळी वाजवून बघा. समोरासमोरच्या उघड्या भिंतींमधून ‘टर्रर्र’ असा आवाज परत आला, तर एका भिंतीला गाद्या, गोधड्या किंवा जाड पडदा लावा. फरशीवर सतरंजी किंवा गालिचा हवाच. मात्र चारही भिंती फोमने मढवू नका. पातळ फोम फक्त वरचे सूर शोषतो. खालचा घुमारा तसाच राहतो आणि खोली डब्यासारखी वाजते.

ड्रमला किती माइक लावायचे?

दोन. फार तर तीन.

पहिला, शक्यतो रिबन (आत धातूची पातळ पट्टी असलेला माइक), ड्रमरच्या उजव्या खांद्याच्या वर, स्नेअरकडे, म्हणजे झणझणीत आवाजाच्या चपट्या ड्रमकडे बघत असलेला. दुसरा बेस ड्रमच्या पुढच्या कातड्यापासून २० ते ३० सेंटीमीटरवर. दोन्ही एकाच ट्रॅकवर जातात. त्यांचा तोल रेकॉर्डिंगच्या आधीच साधायचा, कारण तो नंतर बदलता येत नाही.

आता माइकपेक्षा महत्त्वाचं. स्टॅक्सचे ड्रमर अल जॅक्सन ज्युनिअर स्नेअरवर आपलं पैशाचं पाकीट ठेवून वाजवत. पाकिटाने झणझण मरते आणि ‘थॅक’ उरतो. चहाच्या किटलीला वापरतो तसा सुती फडका कातड्याचा एक तृतीयांश भाग झाकेल असा टाकला, तरी तेच साधतं. बेस ड्रमला पुढचं कातडं असू द्या आणि आत दुमडलेला टॉवेल कातड्याला जेमतेम टेकेल असा ठेवा.

नवीन बँडचं गणित सर्वांत जास्त बिघडतं ते हाय-हॅटवर, म्हणजे पायाने उघडझाप होणाऱ्या झांजांच्या जोडीवर. माइक दोनच असल्याने ड्रमरचा हात हाच मिक्सर असतो. हाय-हॅट जोरात वाजली की स्नेअरचे मधले बारीक, जवळजवळ न ऐकू येणारे ठोके बुडतात, आणि फंकची सगळी चाल त्याच ठोक्यांत असते. कोणताही इक्वलायझर ते परत आणू शकत नाही. पातळ काठी द्या, हाय-हॅट टोकाने वाजवायला सांगा, एक टेक घेऊन ड्रमरलाच ऐकवा. चांगला ड्रमर ते ऐकून स्वतःच हात आवरतो.

बेसचा तो गोल, ठोस आवाज कसा येतो?

फ्लॅटवाउंड (सपाट पट्टीने गुंडाळलेल्या, गुळगुळीत) तारा, पुलाजवळ तारांखाली फोमची पट्टी आणि सौम्य बोट. मोटाउनचे बेसवादक जेम्स जेमर्सन १९६२ चा फेंडर प्रिसिजन वाजवत, तेही उजव्या हाताच्या एकट्या तर्जनीने. जुन्या तारा ते तुटेपर्यंत बदलत नसत. बेस थेट मिक्सिंग कन्सोलमध्ये जाई, अॅम्प्लिफायर नाही. त्यामुळे बेसचा आवाज दुसऱ्या कोणाच्या माइकमध्ये शिरत नाही. छोट्या खोलीत हाच मोठा फायदा.

फोम किती? सूर अर्ध्या सेकंदात मावळला पाहिजे, पण कोणता सूर होता ते कळलं पाहिजे. नुसताच ‘ठप’ येत असेल तर फोम जास्त झाला.

दोन गिटार एकमेकांत गुंततात. काय करावं?

कामं वाटून द्या. एकाने वरच्या तीन तारांवर दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेला आखूड फटका द्यावा, डाव्या हाताची पकड लगेच सैल करून सूर मारावा. दुसऱ्याने खालच्या तारांवर हाताच्या तळव्याने दाबलेली एकेका सुराची ओळ वाजवावी. दोघेही एकाच पट्ट्यात कॉर्ड वाजवत असतील तर एकाला थांबवा. कमी वाजवणं हा इथे मोठा गुण आहे. अॅम्प्लिफायर १५-२० वॅटचा पुरे, आवाज स्वच्छ ठेवा. तारा जरा जाड, म्हणजे .०११ च्या संचापासून पुढे, म्हणजे फटका भरीव लागतो.

अमेरिकेतून हॅमंड ऑर्गन आणला, पण तो बेसूर वाजतो.

तो बेसूर नाही, हळू चालतो आहे. टोनव्हील हॅमंडची मोटर विजेच्या वारंवारतेवर चालते. अमेरिकेत ६० हर्ट्झ, आपल्याकडे ५०. त्यामुळे सगळे सूर तीन अर्धस्वरांहून थोडे जास्त उतरतात: पांढरी एक दाबली की खालची पांढरी सहा, तीही किंचित उतरलेली. ११० व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर लावून हे सुटत नाही, कारण ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज बदलतो, वारंवारता नाही. ६० हर्ट्झ देणारा फ्रीक्वेन्सी कन्व्हर्टरच लागतो. काही जुन्या टेप मशीनच्या मोटरही अशाच असतात. विकत घेण्यापूर्वी मुंबई-पुण्यातल्यांनी हे आधी विचारावं.

ट्रंपेट-सॅक्सोफोनच्या ओळी लिहून द्यायच्या की नाही?

दोन्ही चालतं. स्टॅक्समध्ये गायक ओटिस रेडिंग वादकांना ओळी तोंडाने गुणगुणून दाखवत आणि ते जागेवर बसवत. तोंडाने म्हणता येईल अशी ओळ वाजवायलाही सोपी आणि लक्षात राहणारी असते. पण वादक नवीन असतील आणि एका दिवसात चार गाणी उरकायची असतील, तर कागद हवा. मुंबईच्या चित्रपटसंगीतात गोव्याच्या वादकांना इतकं महत्त्व आलं, त्यामागे त्यांचं स्टाफ नोटेशनचं वाचन हे एक मोठं कारण होतं.

लिहिताना पट्टी सांभाळा. ट्रंपेट आणि टेनर बी-फ्लॅटची वाद्यं, बॅरिटोन ई-फ्लॅटचं. गाणं पांढरी तीनमध्ये, म्हणजे ई मध्ये असेल तर ट्रंपेटला एफ-शार्प आणि बॅरिटोनला सी-शार्प वाचावं लागतं. सहा-सात शार्प. गिटारवाल्याला सोपं, पण वाऱ्यावरच्यांचे सूर घसरतात. तेच गाणं काळी दोन, म्हणजे ई-फ्लॅटमध्ये उतरवलं की ट्रंपेटला एफ आणि बॅरिटोनला सी. गायकाचा गळा सांभाळून अर्धा स्वर इकडेतिकडे करता येत असेल तर जरूर करा.

ट्रंपेट-सॅक्सोफोनना माइक किती?

एक. दोन्ही बाजूंनी ऐकणारा रिबन असेल तर एका बाजूला सॅक्सोफोन, दुसऱ्या बाजूला ट्रंपेट. सॅक्सोफोन साधारण ७०-८० सेंटीमीटरवर, ट्रंपेट दीड मीटरवर आणि माइकच्या किंचित बाजूला तोंड करून. रिबनवर थेट फुंकर बसली तर आतली पट्टी ताणली जाते आणि माइक कायमचा बिघडतो.

तोल पायाने साधायचा. बॅरिटोन कमी वाटला तर त्याने अर्धं पाऊल पुढे यावं. फरशीवर चिकटपट्टीच्या खुणा करा, नाहीतर जेवणानंतरच्या टेकमध्ये तोल वेगळाच लागतो.

आणखी एक: थंड वाद्य उतरलेलं वाजतं, तापलं की चढतं. वातानुकूलित खोलीत दहा मिनिटं वाजवून मगच सूर जुळवा. दोन टेकच्या मध्ये वादक अर्धा तास बसले असतील तर पुन्हा जुळवा.

आठ ट्रॅकची वाटणी कशी करायची?

एक चालणारी वाटणी: १ बेस, २ ड्रम, ३ गिटार दोन्ही मिळून, ४ ऑर्गन-पियानो, ५ ट्रंपेट-सॅक्सोफोन, ६ मुख्य गायक, ७ साथीचे गायक, ८ काँगा.

बेस कडेला ठेवण्यामागे कारण आहे. टेपच्या कडा झिजतात आणि मशीनच्या डोक्यावर (हेडवर) नीट बसत नाहीत. तिथे वरचे सूर आधी जातात. बेसचं त्याने फारसं बिघडत नाही, खंजिरीचं वाटोळं होतं. खंजिरी घ्यायचीच असेल तर ती साथीच्या गायकांबरोबर सातव्या ट्रॅकवर घ्या, आणि व्हीयू मीटरचा (आवाजाची पातळी दाखवणाऱ्या मीटरचा) काटा उणे १० च्या वर जाऊ देऊ नका. हा काटा सरासरी दाखवतो. खंजिरीचं टोक इतकं झटकन येतं की काटा शांत असतो आणि टेपवरचा आवाज मात्र फाटत असतो.

एकाचा आवाज दुसऱ्याच्या माइकमध्ये शिरतो. हा दोष नाही का?

नाही. याच गळतीमुळे सगळे एका खोलीत आहेत असं वाटतं. पण गळती चांगली वाजली पाहिजे. ध्वनीला एक मीटर जायला जवळजवळ ३ मिलिसेकंद लागतात. ड्रमपासून तीन मीटरवरच्या गिटारच्या माइकमध्ये स्नेअर ९ मिलिसेकंद उशिरा पोहोचते आणि दोन्ही मिळून तिचा आवाज पोकळ होऊ शकतो. म्हणून माइक एकेकटा ऐकून काही कळत नाही. सगळे फेडर (कन्सोलवरच्या पातळीच्या सरकपट्ट्या) वर करून ऐका, मग एक माइक बंद करा. ड्रम सुधारला तर तो माइक हलवा, वादकाची जागा बदला किंवा मध्ये गादीची आडभिंत ठेवा. आडभिंत दीड मीटर उंच असावी, वादकांना एकमेकांचे डोळे दिसले पाहिजेत.

क्लिक, म्हणजे हेडफोनमध्ये टिकटिकणारा मेट्रोनोम, लावायची का?

नको. कोरस येताना लय मिनिटाला दोन-तीन ठोक्यांनी चढते, ती चढू द्या. वाईट आहे ती सैल होत जाणारी लय. त्याचं औषध तालीम आहे. प्रत्येक गाणं ड्रम, बेस आणि एक गिटार एवढ्यांनीच सलग दहा मिनिटं एकाच चक्रावर वाजवावं, काही न बदलता. सातव्या मिनिटाला कंटाळा सरतो आणि ठेका बसायला लागतो.

गायकाला बरोबरच घ्यायचं की नंतर?

टेक घेताना गायक खोलीत हवाच, नाहीतर बँड कोणाला साथ करतोय तेच त्याला कळत नाही. आडोशात उभं करून गाऊन घ्या. तेच गाणं जमलं तर ठेवा. सहाव्या ट्रॅकवर नंतर पुन्हा घेणार असाल तर हेडफोनची एक बाजू कानावरून सरकवू द्या. दोन्ही कान झाकले की पुष्कळ गायक थोडे उतरून गातात. सोल गाणारा क्षणात कुजबुजीवरून आरोळीवर जातो. माइक ३० सेंटीमीटरवर ठेवा आणि आरोळीच्या वेळी पाऊलभर मागे जायला शिकवा. ते काम कॉम्प्रेसरवर (मोठा आवाज आपोआप दाबणाऱ्या यंत्रावर) सोडलं तर श्वास आणि खोली दोन्ही फुगतात.

टेप किती लागेल?

२५०० फुटांचं रीळ सेकंदाला १५ इंच, म्हणजे ३८ सेंटीमीटर वेगाने ३३ मिनिटं चालतं. दहा गाणी, प्रत्येकी सव्वातीन मिनिटं, पाच टेक: १६२ मिनिटं. पाच-सहा रिळं. पैसे वाचवायचे असतील तर दिवसअखेर एक टेक निवडून बाकीच्यांवर पुन्हा रेकॉर्ड करा. वेग निम्मा करून वाचवू नका, खरखर वाढते.

मशीनची रोजची निगा?

सकाळी ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापसाची काडी घेऊन डोकी आणि टेपच्या वाटेवरचे धातूचे भाग पुसा. काडीवर तपकिरी डाग येईनासे होईपर्यंत. रबराच्या रोलरला अल्कोहोल लावू नका, रबर कडक होतं. त्याला पाण्यात सौम्य साबण पुरे. डोक्यांतलं चुंबकत्व घालवताना मशीन बंद, रिळं दूर. डीमॅग्नेटायझर हातभर लांब असतानाच चालू करायचा, सावकाश जवळ न्यायचा, सावकाश दूर आणून मगच बंद करायचा. डोक्याजवळ असताना बंद केला तर होतं त्यापेक्षा जास्त चुंबकत्व बसतं.

टेपचा प्रकार बदलला की बायस (रेकॉर्डिंगच्या वेळी सिग्नलमध्ये मिसळला जाणारा उच्च वारंवारतेचा प्रवाह) आणि पातळी पुन्हा लावून घ्या. हे न करता ‘टेपचा आवाज मंद येतो’ म्हणणारे पुष्कळ भेटतात.

दोन टेकमधले चांगले भाग जोडता येतात?

येतात, ब्लेडने. १५ इंचांच्या वेगात एक सेंटीमीटर टेप म्हणजे साधारण २६ मिलिसेकंद. रिळं हाताने पुढेमागे फिरवून बेस ड्रमचा ठोका डोक्यावर आणा, पांढऱ्या पेन्सिलीने खूण करा, ठोक्याच्या किंचित आधी ४५ अंशांत कापा. ब्लेड चुंबकीय झालं असेल तर जोडावर ‘टक्’ ऐकू येतो. दोन्ही टेकची लय सारखी आहे हे आधी घड्याळावर बघा.

एको आणि रिव्हर्ब कुठून आणायचा?

मोटाउनने घराच्या माळ्याचाच एको चेंबर केला होता. एक स्पीकर, एक माइक आणि गुळगुळीत भिंतींची रिकामी खोली, एवढंच लागतं. जिना किंवा टाइल्सचं न्हाणीघर चालेल. तिथे आवाज पाठवण्याआधी तो दुसऱ्या टेप मशीनमधून काढा. रेकॉर्ड आणि प्लेबॅकच्या डोक्यांत ५ सेंटीमीटर अंतर असेल तर ३८ सेंटीमीटरच्या वेगाला सुमारे १३० मिलिसेकंदांचा उशीर मिळतो. शब्द आधी स्पष्ट ऐकू येतो, शेपूट मागून येते.

मिक्स मोनो की स्टिरिओ?

आधी मोनो, एकाच छोट्या स्पीकरवर. मोनोमध्ये गिटार ऐकू येत नसेल तर तिची जागा डावी-उजवी करून प्रश्न फक्त लपतो. आठ ट्रॅकचा मिक्स दोन-तीन माणसांनी फेडरवर हात ठेवून, गाणं सुरू असतानाच करावा.

गाण्यांचा क्रम ठरवताना तांत्रिक काही बघायचं का?

हो. ३३⅓ च्या तबकडीवर बाहेरच्या खाचेत सुई सेकंदाला साधारण ५१ सेंटीमीटर धावते, आतल्या शेवटच्या खाचेत २१. तेवढ्याच वेळेला निम्म्याहून कमी जागा. ‘स’, ‘श’ आणि ट्रंपेटचे टोकदार सूर तिथे फाटतात. म्हणून झणझणीत गाणी बाजूच्या सुरुवातीला आणि संथ सोल बॅलड शेवटी. टेस्ट प्रेसिंग, म्हणजे तबकडीची चाचणी-प्रत, आली की दोन्ही बाजूंचं शेवटचं गाणंच आधी ऐका. आणि एकाच खरखरीवर घाबरू नका: दुसऱ्या प्रतीत त्याच जागी तीच खरखर असेल तरच ती साच्यातली.

श्रेय आणि हक्कांचं कधी बोलायचं?

पहिल्या तालमीआधी, कागदावर. ड्रमर क्लाइड स्टबलफील्ड यांनी १९६९ साली जेम्स ब्राउन यांच्या गाण्यात वाजवलेला ठेका पुढे शेकडो गाण्यांत उचलला गेला. गीतकार-संगीतकार म्हणून त्यांचं नाव नसल्याने त्यातून त्यांना मानधन मिळालं नाही. फंकमध्ये ठेका हेच गाणं असतं, तेव्हा ड्रम आणि बेसवाल्यांचा वाटा किती हे टक्क्यांत लिहा. भारतात गीतकार-संगीतकारांनी आयपीआरएसकडे (त्यांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेकडे) नोंदणी करावी. कॉपीराइट कायद्यातल्या २०१२ च्या दुरुस्तीनंतर त्यांचा रॉयल्टीतला समान वाटा करारातून काढून घेता येत नाही.

काम संपल्यावर टेप कशा ठेवायच्या?

शेवटपर्यंत वाजवून, उलट न गुंडाळता, गाण्याचा शेवट बाहेर येईल अशा. गुंडाळीत एका थराचा आवाज शेजारच्या थरावर उमटतो. अशा ठेवणीत तो मुख्य आवाजानंतर पडतो आणि त्याच्या शेपटीत झाकला जातो. उलट ठेवली तर गाणं सुरू होण्याआधीच त्याचं भूत ऐकू येतं. रिळं उभी ठेवा, स्पीकरपासून लांब. कोकणात, मुंबईत आणि गोव्यात पावसाळ्यापूर्वी हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवा, जुलैत एकदा उघडून पुड्या बदला. डब्यावर तारीख, वेग, टेपचा प्रकार आणि आठही ट्रॅकची वाटणी लिहा. रिळाच्या सुरुवातीला १०० हर्ट्झ, १ आणि १० किलोहर्ट्झचे सूर तीस-तीस सेकंद भरलेले असू द्या, म्हणजे पुढे कोणत्याही मशीनवर ती टेप जशी रेकॉर्ड झाली तशीच लावता येईल.